झाकलेला भाग दाखवा

“घड्याळं काढा! आधी घड्याळं काढा, मगच पाणी!”

टँकरच्या मागच्या पायरीवर चढून साळवेकाका ओरडत होते. दुपारचे बारा वाजलेले. खाली आमच्या कॉलनीतले चाळीस-पन्नास जीव हंडे, बादल्या, ड्रम आणि एकाच्या हातात तर चक्क कुकर, अशा सरंजामानिशी उभे. पाण्याचा पाइप काकांनी काखेत दाबून धरलेला.

“पाठकसाहेब, बघू मनगट. झाकलेला भाग दाखवा!”

चारचौघांत झाकलेला भाग दाखवायची मला सवय नाही. पण घरात तीन दिवस पाणी नव्हतं, म्हणून निमूटपणे घड्याळ वर सरकवलं. खालची कातडी माझ्या मुंजीच्या वेळची निघाली आणि भोवतालचा हात करपलेल्या भाकरीसारखा. काकांनी डोळे बारीक करून दोन्ही रंग ताडून पाहिले आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा निकाल दिला, “फेल! तीन शेडचा फरक!” मग खिशातून मिठात वाळवलेला आवळा काढून माझ्या तोंडात कोंबला.

“साळवे साब, पाइप छोडो ना,” टँकरवाले रशीदभाई खिडकीतून कळवळले. “मेरेकू और चार कॉलनी में जाना है.”

“रशीदभाई, तुमचा उजवा हात दिवसभर खिडकीबाहेर. डावा आत. दोनी दाखवा.”

रशीदभाईंनी दोन्ही हात पुढं केले. उजवा त्यांचा आणि डावा त्यांच्या धाकट्या भावाचा वाटत होता.

“डबल फेल! ह्यांना दोन आवळे!”

टँकर यायचा त्या प्रत्येक दिवशी हा तमाशा व्हायचा, आणि टँकर तीन दिवसांतून एकदा यायचा. ती सालंच तशी होती. पाऊस आमचा पत्ता विसरला होता आणि शहर मात्र रोज सकाळी उठून आमच्या पडेगावच्या दिशेनं चार पावलं पुढं यायचं. काल जिथं ज्वारी होती तिथं आज चुन्याच्या रेघा, उद्या कमान, परवा ‘सर्व सोयींनी युक्त’ अशी पाटी. सर्व सोयी म्हणजे रशीदभाई. रस्ता रुंद करायला दोन्हीकडचे कडुलिंब तोडले, तेव्हापासून सावली ही वस्तू लोकांनी फक्त पाहुण्यांकडे जाऊन पाहिली. ऊन असं, की आमची सौ. दोरीवर हिरवा टॉवेल वाळत घालायची आणि दुसऱ्या टोकाला चिमटा लावेपर्यंत तो पोपटी व्हायचा. हे मी वाढवून सांगत नाही. टॉवेल अजून आहे. आता तो पांढरा आहे.

या उन्हाशी साळवेकाकांचं जुनं वैर होतं. चिकलठाण्याकडच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. रंग तयार करायची नाही. रंग कसा मरतो ते बघायची. पत्र्याच्या चौकोनी तुकड्यांना रंग लावायचा, ते तुकडे कारखान्याच्या गच्चीवर तिरप्या मांडणीत दक्षिणेकडे तोंड करून ठेवायचे आणि प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर काळा कागद लावायचा. आठवड्यानं कागद उचलायचा. झाकलेला भाग आणि उघडा भाग शेजारी शेजारी बघायचे. फरक कमी असला तर पास, जास्त असला तर फेल. या तुकड्याला त्यांच्या खात्यात पॅनेल म्हणत. काका निवृत्त झाले, पण पॅनेल सुटलं नाही. फक्त पत्र्याच्या जागी माणसं आली.

पुढं कुठल्याशा पुरवणीत त्यांनी अँटीऑक्सिडंटवर एक लेख वाचला, आणि तीस वर्षांच्या कामाचा अर्थच त्यांना लागला.

“पाठकसाहेब, ऊन कातडीत घुसलं की काय करतं? मोकाट कण सोडतं. मोकाट म्हंजे गावातला सांड. ह्याच्या रानात घुस, त्याचं पीक तुडव, तिसऱ्याचं कुंपण मोड. आन् अँटीऑक्सिडंट म्हंजे काय?”

“काय?”

“कोंडवाडा! सांड आला की आत. आवळ्यात कोंडवाडा हाय, टमाट्यात हाय, डाळिंबाच्या सालीत तर लई मोठा हाय. पत्र्याला आपण आधी प्रायमर मारतो का नाय? मंग माणसाला? माणसाला थेट उन्हात उभा करत्यात! बिनाप्रायमरचा!”

असं बोलताना ते समोरच्याच्या नाकाकडे पारखून बघायचे. नाकाचा शेंडा हा माणसाचा दक्षिणेकडे तोंड केलेला भाग असतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्या या नजरेनं एकदा सोयरीक मोडता मोडता राहिली. त्यांची एकुलती मुलगी मंगल; शेंद्र्याच्या एका कारखान्यात ती नोकरीला होती, आणि तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं होतं. मुलाकडची मंडळी बोलणी करायला आली. जयभीम झाला, चहा झाला, पोहे झाले. व्याही म्हणजे भारदस्त माणूस, तालुक्याच्या शाळेत हेडमास्तर. ते म्हणाले, “आमची काहीच मागणी नाही. तुमचं काही असेल तर मोकळेपणानं बोला.” काका थोडं पुढं सरकले आणि म्हणाले, “झाकलेला भाग दाखवा.”

विहीणबाईंच्या हातातली बशी थांबली. मंगलनं डोळे मिटले. मी घाईघाईनं “घड्याळ, घड्याळाखालचा!” असं ओरडलो म्हणून निभावलं. हेडमास्तरांनी घड्याळ काढलं. काका खूश झाले. “अर्ध्या शेडचाच फरक! पोरगी द्यायला हरकत नाय.” लग्न वर्षभरानं, पुढच्या वैशाखात ठरलं.

त्या बैठकीत एक माणूस मात्र दाराआड होतं. शकुंतलाकाकू, मंगलची आई. पोहे त्यांनीच केले, पण बाहेर मंगलनं आणले. काकूंच्या दोन्ही गालांवर आणि कपाळावर वांगाचे काळपट डाग होते. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारा, पण त्यांचा पूर्ण चेहरा मीही क्वचितच पाहिलेला. पदर कायम नाकापर्यंत. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर त्यांनी मंगलला सांगून टाकलं, “लग्नाला यीन मी. मागं बसंन. पर फोटोला नाय उभी राह्यची. त्यांच्या अल्बममधी हे तोंड नको.”

“आये, असं काय गं!” मंगल रडकुंडीला आली.

“तुझी सासू गोरीपान हाय. शेजारी मी हुबी राहिले की लोक बघत्यात. माझं काय जातं? तुला बोल लागंल.”

मंगलनं खूप समजावलं. काकू मायाळू, पण एकदा ‘नाय’ म्हणाल्या की ते नाय सिमेंटचं. मंगल उंबऱ्यावर बसून रडली आणि काका खुर्चीत बसून गप्प झाले. साळवेकाका गप्प, ही बातमी कॉलनीत दहा मिनिटांत पसरली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गच्चीवर प्रयोगशाळा उघडली.

हातात वर्षभर होतं. तेवढ्यात काकूंचा चेहरा लग्नाच्या फोटोपुरता तरी परत आणायचा, असा काकांचा पण. आवळे आले, हळद आली, गाजरं आली. करमाडचे त्यांचे साडू पोतंभर डाळिंबं देऊन गेले. काकांनी दाणे कॉलनीत वाटून टाकले आणि साली ठेवल्या. साली वाळवल्या, कुटल्या, वस्त्रगाळ केल्या. आमच्या गल्लीत महिनाभर सगळ्यांच्या शिंका पिवळ्या होत्या. जो लेप तयार झाला तो काकांनी आधी स्वतःच्या डाव्या हाताला लावला. उजवा हात मुद्दाम उघडा ठेवला. “उघड्या भागाबिगर टेस्ट म्हंजे थापा!” त्यामुळं काका लांबून असे दिसायचे, की एक हात लोणच्याच्या बरणीतून काढलाय आणि दुसरा तंदूरमधून.

पण दोनच हातांवर शास्त्र उभं राहत नाही. आणखी पॅनेलं हवीत. पॅनेल एक डावा हात, दोन उजवा हात, तीन त्यांचंच टक्कल. पॅनेल नंबर चार माझी मान होती.

मी स्कूटरवरून कचेरीत जायचो. काकांनी मला फाटकात अडवलं. “पाठकसाहेब, तुमची मान म्हंजे हायवेचा बोर्ड झालीय. थांबा.” त्या दिवशी त्यांनी लेपात सुधारणा केली होती: लिंबू. लिंबात क जीवनसत्त्व, क म्हणजे कोंडवाडा, असा साधा हिशेब. चांगली चार लिंबं पिळलेला तो लेप त्यांनी माझ्या मानेवर उजवीकडून डावीकडे, ब्रशचे हात न मोडता, एकसारखा मारला. “दुसरा कोट संध्याकाळी,” म्हणाले.

दुसऱ्या कोटाची वेळ आली नाही. लिंबाचा रस अंगावर ठेवून उन्हात जायचं नसतं, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पुढच्या दोन दिवसांत माझ्या मानेवर असे फोड आले, की सौ.ला वाटलं मी कुठूनतरी मोत्यांची माळ आणलीय. फोड बसले आणि त्यांच्या जागी काळे पट्टे उरले. कचेरीत साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे माझ्या पाठीमागून जायला लागले.

काका कोरफडीची अख्खी कुंडी घेऊन धावत आले. तोंड एवढंसं झालेलं. त्यांनी वही काढली, ‘पॅनेल चार : फेल’ असं लिहिलं आणि खाली माझ्यासमोर स्वतःची सही केली. मग हळूच म्हणाले, “बरं झालं तुम्हाला लावलं पाठकसाहेब.”

“म्हणजे?”

“उद्या तिच्या गालाला लावणार होतो.”

यावर मी रागवायचं ठरवलं होतं, पण जमेना. उलट त्या दोघांना मीच रिक्षात घालून कातडीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं, कारण मलाही जायचंच होतं. डॉक्टरबाई तरुण आणि सोशिक. त्यांनी आधी माझी मान पाहिली, मग काकांचे दोन रंगांचे हात पाहिले आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. काकूंचे डाग त्यांनी भिंगातून तपासले.

“लेपात काय काय आहे?” त्यांनी विचारलं. काकांनी बारा वस्तूंची यादी पाठ म्हणून दाखवली.

“काका, आवळा खा, डाळिंब खा, चांगलंच आहे. शरीराला त्याची थोडी मदत होते. पण थोडी. काकूंचं मुख्य औषध म्हणजे ऊन टाळणं. मी मलम देते, ते रोज लावायचं. भर दुपारी उन्हात जायचंच नाही. वर्षभर पाळलंत तर डाग फिकट होतील.”

“टेस्ट किती दिवस चालवलीय ह्या मलमाची?” काका म्हणाले.

“अहो, गप ऱ्हावा,” काकू पदराआडून म्हणाल्या. मग डॉक्टरबाईंकडे वळल्या. “बाई, तुमचं खरंय. पर पाणी येतं भर दुपारी. हे कारखान्यात गच्चीवर, तवा बी मीच रांगेत होते. वीस वरसं झाली. आता ऊन टाळायचं तर पाणी तुम्ही आणून देता का?”

डॉक्टरबाईंनी मलमाची ट्यूब टेबलावर ठेवली. काका त्या ट्यूबकडे बघत राहिले. परतताना रिक्षात त्यांनी एकदा काकूंकडे वळून बघितलं, एखादा कागद खूप उशिरा उचलल्यासारखं. मला वाटलं, डॉक्टरबाईंवर चिडलेत.

तीन दिवसांनी टँकर आला. काकू हंडे घेऊन निघाल्या, तर काका फाटकात आडवे. “तू आत जा. आजपासून मोठी टेस्ट सुरू. माझ्या उजव्या हाताला दर टँकरला दोन तास कडक ऊन पायजे. रांगेत उभा ऱ्हातो, टेस्टबी हुईल, पाणीबी यील.”

“तुमचा गुडघा?”

“गुडघा झाकलेला भाग हाय. त्याचा टेस्टशी संबंध नाय.”

“लोक काय म्हणतील? बाई घरात आन् बाप्या हंडा घेऊन?”

“शास्त्र म्हणतील. आत जा. तुझं पॅनेल सावलीतलं हाय. तिथनं हललीस तर सगळी टेस्ट बाद!” आणि एक वाटी लेप, लिंबाविना, त्यांनी काकूंच्या हातात ठेवली. “रोज सकाळी ताजा देईन. दोनी गालांना.”

अशा रीतीनं वर्षभर, टँकरच्या प्रत्येक फेरीला, साळवेकाका रांगेत. सुट्टीचा दिवस सोडला तर बायकांच्या रांगेत एकटा पुरुष. सुरुवातीला खूप हसणं झालं. “काका, आज जेवायला काय केलंत?” इथपासून “काका, माझा नंबर धरा, पोळ्या राहिल्यात,” इथपर्यंत. काकांनी सगळ्यांचे नंबर धरले. रांगेत वेळ जात नाही म्हणून तपासण्या सुरू केल्या. सुरुवातीला सांगितलेलं घड्याळ प्रकरण त्यातलंच. आवळ्याची एवढी सवय लागली, की एकदा काका तापानं घरी होते तेव्हा रशीदभाईंनीच विचारलं, “साब किधर? आज बिना आवळे का पानी देने का क्या?” ताप असूनही काका दहा मिनिटांत लंगडत हजर. मागून काकू हंडा घ्यायला आल्या तर त्यांच्यावर केवढ्यानं ओरडले! अख्ख्या गल्लीला वाटलं भांडण पेटलं.

त्यांचा उजवा हात वैशाखापर्यंत तव्यासारखा झाला. टकलाबद्दल मी बोलत नाही. एका कावळ्यानं त्यावर बसून लगेच विचार बदलल्याचं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि काकूंचे डाग खरंच फिकट झाले. गेले नाहीत. पण कोळशाचे होते ते चहाचे झाले. मंगलनं आरसा पुढं धरला, तेव्हा काकू त्यात पुष्कळ वेळ बघत बसल्या. हो म्हणाल्या नाहीत, पण ‘नाय’सुद्धा म्हणाल्या नाहीत.

लग्न विहारात, सकाळी. वंदना झाली, हार झाले, फोटोग्राफर ओरडायला लागला, “मुलीकडचे आईवडील!” काका पुढं गेले. काकू तिसऱ्या रांगेत, पदर नाकापर्यंत. मंगल स्टेजवरून बघत होती. फोटोग्राफर म्हणाला, “काका, तुम्ही एकटेच का?” काका हलले नाहीत. शेजारी एका माणसाची जागा रिकामी सोडून उभे राहिले. मागची माणसं खोळंबली. हेडमास्तर घड्याळ बघायला लागले.

काकू उठल्या. पांढऱ्या साडीचा पदर त्यांनी डोक्यावरून खांद्यावर घेतला, स्टेजच्या तीन पायऱ्या चढल्या आणि त्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. चेहरा सबंध उघडा. विहीणबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना स्वतःच्या जवळ ओढलं. फोटोग्राफर “स्माइल” म्हणाला तेव्हा मंगल आधीपासूनच हसत रडत होती.

काका दिवसभर मांडवात मिरवत होते. “लेप पास! बारा महिन्यांची टेस्ट! पत्र्यावर जमलं नाय ते गालावर जमलं!” वऱ्हाडातल्या तीन बायकांनी त्यांच्याकडून कृती लिहून घेतली.

मलाही आमच्या सौ.साठी ती कृती हवी होती. जेवणं उरकल्यावर काकू एकट्या सापडल्या, म्हणून मी विचारलं, “काकू, लेप नुसता लावायचा, की दुधात कालवून?”

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. “भाऊ, कुणाला सांगू नका. मी तो एक दिवसबी लावला नाय. लई वास मारतो. रोज कढीपत्त्याच्या कुंडीत टाकायची. डॉक्टरबाईचं मलम लावलं आन् घरात बसले, बस.”

“मग काकांना सांगितलं का नाही?”

“कसं सांगणार? लेप लावत नाय म्हणलं तर टेस्ट बंद. टेस्ट बंद झाली तर ह्यांचं कसं व्हायचं? रिटायर माणूस. वरीसभर कामात होते तर दोन घास जेवत होते.” आणि त्या पाहुण्यांच्या पानांकडे वळल्या.

हे गुपित माझ्या पोटात दोन दिवस राहिलं, हा माझा विक्रम आहे. पुढच्या फेरीला टँकर आला. लग्न झालं होतं, फोटो निघाला होता, लेपाच्या वाट्या बंद झाल्या होत्या. तरी काका रांगेत पहिल्या नंबरावर, दोन हंडे, डोक्यावर ओला पंचा. मला राहवेना. शास्त्राच्या नावाखाली एवढा म्हातारा माणूस विनाकारण उन्हात भाजून निघतोय, त्याला खरं कळायला नको का? मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. लेप, वास, कुंडी. आता हे कोसळणार, म्हणून त्यांच्या खांद्याला हातही लावला.

काकांनी हंडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि रांग पुढं सरकली तसे दोन पावलं पुढं सरकले.

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “त्या कुंडीला पाणी मीच घालतो.”